ॲमी लावायची ती गाजरासारखी

जूनमध्ये पहिला पाऊस लागला की शेजारपाजारचे लोक माझ्याकडे ॲमीचं बी मागायला येतात आणि मी ते देत नाही. दसऱ्यानंतर या, म्हणते. काहींना राग येतो. झेंडू, ॲस्टर, झिनिया सगळं पावसाच्या तोंडावर लावायचं, मग हिनंच काय घोडं मारलंय?

ॲमी मेजस हे कोथिंबीर, गाजर, शेपू, बडीशेप यांच्या कुळातलं वर्षायू फूल. कोथिंबीर फुलावर आली की जशी जाळीदार पांढरी छत्री धरते तशीच ही, फक्त छत्री तळहाताएवढी आणि झाड कमरेच्याही वर. लोक तिला फुलझाड समजून फुलझाडासारखी लावतात: पावसात पेरायची, पिशवीत रोप करायचं, मोठं झालं की हलवायचं, वाढत नाही म्हणून युरिया टाकायचा. चारही गोष्टी तिला चालत नाहीत. आपल्या भागात गाजर पेरणाऱ्या कुठल्याही शेतकऱ्याला ही चूक एका वाक्यात कळते. परसबागेवाल्यांना कळायला दोन-तीन हंगाम जातात. मलाही तेवढेच गेले.

पुढची रीत बेळगाव, खानापूर, हुक्केरी, चिकोडी, निपाणी या पट्ट्यासाठी आहे. अथणी-रायबागकडच्या कोरड्या, जास्त तापणाऱ्या भागासाठी जिथे फरक आहे तिथे तसं सांगते.

१. बी घेताना नावावर जाऊ नका

इंग्रजीत या फुलाला ‘बिशप्स फ्लॉवर’ म्हणतात, ‘बिशप्स वीड’ही म्हणतात. घोळ इथंच होतो, कारण आपल्याकडे बियांच्या आणि मसाल्याच्या व्यापारात ‘बिशप्स वीड’ म्हणजे ओवा. त्यात ओव्याचं शास्त्रीय नाव ट्रॅकिस्पर्मम ॲमी. म्हणजे दुकानात ‘ॲमी’ म्हटलं काय नि ‘बिशप्स वीड’ म्हटलं काय, हातात ओवा पडायची पुरेपूर सोय आहे. माझ्या पहिल्या पाकिटातून दोन वाफे ओवा उगवला. फुलं त्यालाही पांढरी येतात, पण बारकी. सर्दी-खोकल्याला घरात वर्षभर ओवा पुरला, फुलदाणी मात्र रिकामी राहिली.

दुसरा घोळ ‘क्वीन ॲन्स लेस’ या नावाचा. खरं तर ते रानगाजराचं नाव, पण फुलवाले आणि बीवाले ॲमीलाही तेच नाव लावतात. रानगाजर द्विवर्षायू आहे. पहिल्या वर्षी नुसता पाला देतं, आणि फुलायला त्याला चांगली कडक थंडी लागते. आपल्याकडे ते मार्चपर्यंत पाल्यावरच बसून राहतं.

ॲमी विस्नागा ही सख्खी बहीण. तिची पानं केसासारखी बारीक, छत्री जास्त भरीव आणि हिरवट, फुलायला थोडा उशीर. चुकून ती आली तर नुकसान काही नाही. ऑर्लाया नावाचं आणखी एक लेससारखं फूल आहे, दिसायला सगळ्यांत देखणं. त्याचं बी मोठं, काटेरी असतं आणि ते रुजायला फार आढेवेढे घेतं. पहिल्याच वर्षी त्याच्या नादी लागू नका.

पाकिटावर ‘ॲमी मेजस’ ही दोन्ही नावं असतील तरच घ्या. बी फार बारीक असतं, एका ग्रॅममध्ये हजारावर बिया बसतात. परसबागेला दोन ग्रॅम म्हणजे डोक्यावरून पाणी.

*तपासा:* चार बिया बोटांत चुरडून हुंगा. ओव्याचा झणझणीत वास आला तर तो ओवाच आहे, स्वयंपाकघरात ठेवून द्या.

*तपासा:* या कुळातल्या बियांचं आयुष्य कमी. पेरणीच्या तीन आठवडे आधी २० बिया ओल्या सुती फडक्यात गुंडाळून झाकणाच्या डब्यात, घरातल्या सगळ्यांत गार कोपऱ्यात ठेवा. पंधराव्या दिवशी मोजा. बारा-तेरा रुजल्या असतील तर बी उत्तम. आठ-दहा असतील तर दुप्पट दाट पेरा. त्याखाली असेल तर नवं बी आणा. जुन्या बियावर पुढचे पाच महिने लावू नका.

२. वेळ: हस्त सरू द्या

ॲमीचं बी जमिनीचं तापमान १५ ते २० अंशांच्या आसपास असताना सगळ्यांत चांगलं रुजतं. बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण ७५० मीटर उंचीवर आहे, त्यामुळे ऑक्टोबर संपताना इथल्या रात्री तिला मानवू लागतात. जून-जुलैत गारवा असतो हे खरं, पण त्याबरोबर पाऊसही असतो. खानापूरच्या बाजूला तर ढग उघडतच नाहीत. सतत ओल्या वाफ्यात रोपं बुडातून काळी पडून आडवी होतात. त्यातून जगलीच, तर ऐन श्रावणात मऊ, लोंबत्या दांड्यांची होतात आणि पहिल्या जोरदार सरीला झोपतात.

हस्त नक्षत्राचा पाऊस साधारण १० ऑक्टोबरला सरतो. त्यानंतर चित्रा, मग स्वाती. मी तीन पेरण्या करते:

पहिली दसऱ्यानंतर, परतीचा पाऊस थांबला आहे असं वाटल्यावर. ही जुगाराची पेरणी. एखादी जोराची सर बी वाहून नेते, म्हणून पाकिटातलं पाव बीच यात घालायचं.

दुसरी दिवाळीच्या सुमारास. ही मुख्य, अर्धं बी हिच्यासाठी.

तिसरी नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यापर्यंत, उरलेलं बी.

डिसेंबरच्या मध्यानंतर पेरू नका. रोप पुरतं भरायच्या आत मार्चचं ऊन येतं आणि गुडघाभर झाडालाच चिमुकल्या छत्र्या लागतात. अथणी, रायबागकडे पहिली पेरणी सोडून द्या. तिथे नोव्हेंबरचा पहिला पंधरवडा हीच एक पेरणी धरा.

३. जागा आणि वाफा

दिवसाला किमान सहा तास ऊन हवं. नारळाखाली, आंब्याच्या सावलीत झाड उजेडाकडे वाकतं आणि वाकलेलं झाड पुढे सरळ होत नाही.

मातीबद्दल दोन वेगळे सल्ले द्यावे लागतात, कारण आपल्याकडे जमीनच दोन तऱ्हांची आहे. आमची खानापूर रोडकडची तांबडी, खाली मुरूम. माझी नणंद निपाणीला, तिच्या परड्यात काळी.

तांबडी माती: पाणी थांबत नाही ही तिची चांगली बाजू, ओल टिकत नाही ही वाईट. वीतभर खोल खणून दगडगोटे, मुरुमाचे खडे वेचून काढा. ॲमीला गाजरासारखं सोटमूळ असतं. वाटेत खडा आला की मूळ फाटतं आणि झाड खुजं राहतं. दहा चौरस फुटांना दोन-तीन किलो पूर्ण कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत मिसळा.

काळी माती: ओल भरपूर, पण निचरा नाही, वर सुकली की भेगा. जमिनीपासून वीतभर उंच गादीवाफा करा. त्यात वाळू आणि बारीक केलेला पालापाचोळा मिसळा. नणंदेनं पहिल्या वर्षी सपाट वाफ्यात पेरलं. बी उगवलं चांगलं, पण वर पापडी धरली आणि कोंब तिच्याखालीच वाकडे होऊन मेले. आता ती पेरलेल्या ओळीवर मातीऐवजी चाळलेलं गांडूळखतच घालते. त्याची पापडी धरत नाही.

*सावधान:* कच्चं शेण घालू नका. त्यातून हुमणी येते. आपल्या भागात ती उसाला सोडत नाही, तुमच्या सोटमुळांना काय सोडणार? रासायनिक खत या टप्प्यावर अजिबात नको.

आता वाफा तयार झाला आणि हात शिवशिवायला लागले. थांबा. तयार वाफ्याला पाणी द्या आणि आठ-दहा दिवस तसाच सोडा. तण उगवेल. ते खुरप्यानं अगदी वरवर, माती न उलटता खरवडून काढा, मगच पेरा. ही एक पायरी बहुतेक जण गाळतात आणि पुढे महिनाभर डोकं धरून बसतात. का, ते पाचव्या टप्प्यात सांगते.

४. पेरणी

बी आदल्या रात्री भिजत घालायची गरज नाही. भिजलेलं बारीक बी बोटांना चिकटतं आणि एका जागी पन्नास पडतं. ज्यांच्या फ्रिजमध्ये जागा आहे त्यांनी पेरणीआधी आठवडाभर ओलसर वाळूत मिसळून डबी फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवावी. फ्रीजरमध्ये नव्हे. त्यानं उगवण जास्त सारखी होते. नाही ठेवली तरी चालतं.

वाफ्यावर फूटभर अंतरानं ओळी आखा. ओळ म्हणजे पेन्सिलीनं ओढावी तशी रेघ, अर्धा सेंटिमीटर खोल. सरी नको. एक चमचा बियाला दहा चमचे कोरडी बारीक वाळू मिसळा आणि रांगोळी सोडतात तशी चिमटीतून ओळीत सोडा. रांगोळी येणाऱ्यांना हे एका फटक्यात जमतं. वर चाळलेल्या खताचा पातळ थर द्या, बी जेमतेम झाकेल एवढाच. मग पाटीचं बूड किंवा फळी हलकेच दाबून बी मातीला टेकवा.

पाणी झारीनं, बारीक छिद्रांच्या. नळी लावलीत तर सगळं बी वाफ्याच्या एका कोपऱ्यात गोळा होईल आणि कोपऱ्यात जंगल, बाकी वाळवंट अशी शोभा होईल. वर भाताचं पिंजर विरळ पसरा, खालची माती मधून मधून दिसली पाहिजे.

उगवायला ७ ते २१ दिवस लागतात. एवढा काळ वरचा बोटभर थर सुकता कामा नये. सकाळी एक हलकी झारी, दुपारी हात लावून पाहायचं, कोरडं लागलं तर संध्याकाळी आणखी एक. एक दिवस विसरलात आणि नेमका त्याच दिवशी कोंब फुटला असेल, तर तो गेलाच. पेरण्याच्या वेळी गावाला जायचं असेल तर पेरणीच पुढे ढकला.

*तपासा:* सातव्या दिवसापासून रोज पिंजर उचलून बघा. पहिले कोंब दिसले की त्याच संध्याकाळी पिंजर काढून टाका. दोन दिवस उशीर झाला की कोंब पिवळे, लांबोडे होतात.

५. उगवलेलं ओळखा, मग विरळा

माझ्या दुसऱ्या वर्षाची गोष्ट. दिवाळीनंतर वाफा हिरवा झाला होता, दोन-दोन इंचांची नक्षीदार पानं आली होती. मी सकाळी बँकेत गेले आणि परत आले तर वाफा चकाचक. तण काढायला येणाऱ्या मावशी कमरेवर हात ठेवून उभ्या. म्हणाल्या, "अक्का, काँग्रेस सगळं काढून टाकलंय बघा. लई माजलं होतं."

त्यांचा दोष नाही. काँग्रेस गवत, म्हणजेच गाजरगवत, आणि कोवळी ॲमी यांत लांबून फरक कळत नाही. आणि ते गवत आपल्या प्रत्येक बांधावर, प्रत्येक रिकाम्या प्लॉटवर आहे. म्हणूनच पेरणीआधी तण उगवून खरवडायला सांगितलं आणि म्हणूनच ओळीत पेरायला सांगितलं. विस्कटून पेरलंत तर कोणतं आपलं आणि कोणतं उपरं, कधीच कळणार नाही.

ओळख अशी. ॲमीची पहिली दोन पानं लांबट आणि अरुंद, कोथिंबिरीच्या कोंबासारखी. गाजरगवताची पहिली दोन पानं छोटी आणि गोलसर. पुढची पानं आल्यावर हात लावून बघा: गाजरगवताचं पान करडं-हिरवं, लवदार, खरखरीत लागतं आणि जमिनीला चिकटून चक्रासारखं पसरतं. ॲमीचं पान गुळगुळीत, उभट, कडेला बारीक दातरे. शंका आली तर ते रोप आठवडाभर ठेवा. काढलेलं परत लावता येत नाही.

वाफ्याच्या टोकाला काठी रोवून तिला फडकं बांधा आणि घरातल्या, कामाला येणाऱ्या सगळ्यांना सांगा. मी हे गमतीनं लिहीत नाही.

रोपाला तीन-चार खरी पानं आली की विरळणी. दोन रोपांत वीतभर अंतर ठेवा. वाफा मोठा असेल तर त्याहून दोन बोटं जास्तच. जादा रोपं उपटू नका, कात्रीनं मातीलगत कापा. उपटताना शेजारच्या रोपाचं मूळ हलतं आणि हललेलं रोप आठवडाभर रुसून बसतं. इथं लोकांचा जीव होत नाही. एवढी छान उगवलीत, कापायची कशी? न कापलेल्या वाफ्यात बोटाएवढ्या दांड्यांऐवजी काडीएवढे दांडे येतात, एवढं सांगून मी गप्प बसते.

*सावधान:* कापलेली कोवळी रोपं कोथिंबिरीसारखी दिसली तरी खायची नाहीत. म्हशीला, शेळीला, कोंबड्यांनाही घालू नका. ॲमी खाल्लेल्या जनावरांच्या अंगावर ऊन पडलं की कातडी भाजते. सगळा पाला खड्ड्यात.

कुंडीवाल्यांसाठी

टिळकवाडीतल्या फ्लॅटच्या गॅलरीत येते का, असं मला विचारतात. येते, कुंडी किमान फूटभर खोल असेल तर. एका कुंडीत तीन रोपं, थेट पेरून. रोप करून लावायचंच असेल तर वर्तमानपत्राच्या लांब सुरळ्या करा, प्रत्येकीत तीन बिया टाका, एक रोप ठेवा, आणि तीन-चार पानं येताच सुरळीसकट मातीत उतरवा. पिशवीत दोन महिने वाढवलेलं, खाली मुळांचं वेटोळं झालेलं रोप कुणी फुकट दिलं तरी घेऊ नका.

६. डिसेंबर: हात आवरा

सगळ्यांत जास्त झाडं या महिन्यात बिघडतात, आणि तीही लाडानं.

विरळणीनंतर रोपं जोमानं वाढतात, पानांचा गुच्छ टीचभर होतो आणि मग सगळं थांबतं. डिसेंबर जातो, संक्रांत येते, झाड आहे तिथेच. लोकांना वाटतं काहीतरी कमी पडलं. मग युरिया, मग रोज पाणी, मग दुकानातलं टॉनिक.

झाड आजारी नाही, ते दिवस मोजतंय. ॲमीला फुलायला लांबणारे दिवस लागतात. आपल्याकडे डिसेंबरच्या शेवटी दिवस ११ तास १० मिनिटांच्या आसपास असतो. तेवढ्यावर ती दांडा वर काढत नाही, खाली मूळ भरत राहते. जानेवारी सरताना दिवस लांबू लागला की मधून कणा उठतो आणि मग तीन-चार आठवड्यांत कमरेला लागतो. मोठ्या प्रमाणावर फुलं घेणारे यासाठी रात्री दिवे लावतात. आपण परसबागेत वाट बघायची.

या काळात युरिया टाकलात की पानं गडद हिरवी, लुसलुशीत होतात. त्यावर मावा आनंदानं बसतो. आणि पुढे उठणारा दांडा आतून पोकळ, मऊ निघतो, फुलांचं ओझं पेलत नाही.

मग करायचं काय? दर तीन-चार दिवसांनी एकदा, पण खोल पाणी. काळ्या मातीत सहा-सात दिवसांनी. रोज वरवर शिंपडलं की मूळ वरच राहतं. ओळींमध्ये हलकी खुरपणी करा. कणा उठायला लागला की प्रत्येक झाडाच्या बुडाशी मूठभर गांडूळखत घाला, तेही एकदाच.

*तपासा:* पाणी द्यायचं का हे मातीच्या रंगावरून ठरवू नका. तांबडी माती वरून ओली दिसली तरी खाली कोरडी असते. करंगळी दोन पेरं आत घाला. टोकाला गारवा लागला तर उद्या बघू.

मावा दिसला तर आधी पाण्याच्या फवाऱ्यानं धुवा, पानाच्या खालून. उरला तर लिटरभर पाण्यात पाच मिलिलिटर निंबोळी तेल आणि थोडं साबणाचं पाणी घालून संध्याकाळी फवारा. फुलं उमलल्यावर मात्र काही फवारू नका, छत्र्यांवर मधमाश्या आणि मावा खाणाऱ्या माश्यांची वर्दळ असते. जानेवारीत पहाटे दव पडतं तेव्हा पानांवर पांढरी भुरी दिसते. ती आलेली खालची पानं काढून टाका आणि वारा खेळू द्या. विरळणी नीट केली असेल तर भुरी फारशी पसरत नाही.

७. आधार, गरज पडायच्या आधी

झाड झोपल्यावर काठी लावून उभं केलं तरी दांड्याला आलेला बाक जात नाही. टोक वर वळतं आणि फूल हंसाच्या मानेसारखं होतं. म्हणून झाड फूटभर असतानाच वाफ्याच्या चारी कोपऱ्यांत बांबू रोवा आणि मांडीच्या उंचीवर सुतळीची जाळी विणा, चौकोन वीतभराचे. झाडं आपोआप त्यातून वर येतात. एकेका झाडाला काठी बांधायच्या भानगडीत पडू नका.

शेंडा खुडायचा का? झेंडूचा खुडतात म्हणून हिचाही खुडतात. गरज नाही, ही स्वतःहून फांद्या काढते. वाऱ्याच्या कडेची एक ओळ बुटकी ठेवायची असेल तर तिचेच शेंडे खुडा.

८. कापणी: आधी बाह्या खाली करा

ॲमीच्या चिकात फ्युरोकुमारिन नावाची द्रव्यं असतात. चीक कातडीला लागला आणि त्यावर ऊन पडलं की भाजल्यासारखं होतं. त्या क्षणी काहीच कळत नाही. खाज नाही, आग नाही. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी लाल पट्टे, मग फोड, आणि ते बरे झाल्यावर महिनोन्‌महिने राहणारे काळे डाग.

मी पहिल्यांदा भरपूर फुलं कापली ती अर्ध्या बाह्यांत, सकाळी नऊ वाजता, कापलेले दांडे डाव्या हाताच्या कोपरात धरून. तिसऱ्या दिवशी कोपरापासून मनगटापर्यंत इस्त्रीचे चटके बसावेत तसे आडवे पट्टे उठले. एकीनं सुचवलं, लिंबू चोळ. नशीब, मी चोळलं नाही. लिंबाच्या सालीत नि रसातही याच जातीची द्रव्यं असतात, त्यानं जखम आणखी वाढली असती.

या द्रव्यांपैकीच मेथॉक्सॅलेन डॉक्टर कोडावरच्या उपचारात अतिनील किरणांबरोबर वापरतात. ते मोजून-मापून, त्यांच्या देखरेखीखाली. कुणी चीक किंवा बी कोडावर लावायला मागितलं तर देऊ नका.

पूर्ण बाह्या, रबरी हातमोजे आणि पहाटेची वेळ, हे तीन नियम पाळा. चीक लागलाच तर लगेच साबणानं धुवा आणि तो भाग दोन दिवस उन्हापासून झाकून ठेवा. फोड आले तर फोडू नका, डॉक्टरांना दाखवा. मुलांना फुलं तोडायला लावू नका.

आता कधी कापायचं ते. आपल्याला कळ्या तोडायची सवय आहे, मोगरा असो की गुलाब. ॲमी कळीत तोडली की दोन तासांत मान टाकते. छत्रीतले दहातले आठ झुपके पूर्ण पांढरे झालेले हवेत, मध्यभागी थोडा हिरवा राहिला तरी चालेल. त्यापेक्षा जास्त थांबलात तर टेबलावर पांढरा भुगा सांडतो.

*तपासा:* छत्रीखाली चार बोटांवर दांडा धरून हलकेच झटका द्या. मान लुळी डोलली तर अजून दोन दिवस थांबा. ताठ राहिली तर कापा.

पाण्याची बादली सोबतच न्या. दांडा कापला की थेट पाण्यात, पाटीत नव्हे. पाण्याखाली जाणारी सगळी पानं काढून टाका, ती कुजली की पाण्याला घाण वास येतो. चार तास सावलीत गळ्यापर्यंत पाण्यात ठेवा आणि मगच फुलदाणीत सजवा. पाणी एक दिवसाआड बदला. आठवडाभर टिकतात.

आधी मधला मोठा दांडा कापा. मग बाजूच्या फांद्या उठतात आणि त्यांच्या छत्र्या लहान पण जास्त येतात. फेब्रुवारीच्या मध्यापासून मार्च संपेपर्यंत कापणी चालते.

गजऱ्यात किंवा वेणीत माळायला हे फूल वापरू नका. कारण वर आलंच आहे.

९. बी धरणं

चार-पाच झाडं बियाला सोडा, पण ती आताच निवडून फडकं बांधा. लोक काय करतात, चांगली फुलं कापतात आणि उरलीसुरली, खुजी, लवकर फुललेली झाडं बियाला ठेवतात. दोन-तीन वर्षांत अख्खा वाफा खुजा होतो. सगळ्यांत उंच, सगळ्यांत ताठ दांड्याची झाडं ठेवा, आणि त्यांचा एकही दांडा कापू नका.

एप्रिलमध्ये छत्र्या तपकिरी होतात. त्या सगळ्या एकदम वाळत नाहीत, मधली आधी. जशा वाळतील तशा, हातमोजे घालूनच, कागदी पिशवीत कापून घ्या. वळीव कधी येईल याचा नेम नाही. एकदा भिजलेलं बी छत्रीतच काळं पडतं. आभाळ भरून आलं तर अर्धवट वाळलेल्या छत्र्याही कापून घरात उलट्या टांगा. खाली गळालेलं बी शक्यतो झाडून घ्या, नाहीतर ते पुढच्या वर्षी भाजीच्या वाफ्यात, कोथिंबिरीतही उगवेल. आणि हे झाड खायचं नाही, हे विसरू नका.

आठवडाभर सावलीत वाळवून, चोळून, सुपानं पाखडा. मग खरी परीक्षा, आपला पावसाळा. जून ते सप्टेंबर इथं मीठ पाझरतं, पापड लोळागोळा होतात, तिथे कागदाच्या पुडीतलं बी काय टिकणार? काचेच्या घट्ट झाकणाच्या बाटलीत भरा, तळाला तव्यावर भाजून गार केलेले दोन चमचे तांदूळ घाला, वर कापडाची पुरचुंडी करून बी ठेवा. बाटलीवर ‘खायचं नाही’ असं लिहा आणि फ्रिजच्या दारात ठेवा. मी एका वर्षी लिहिलं नव्हतं. सासूबाईंनी ओवा समजून बाटली उघडली, दोन दाणे चुरडून हुंगले आणि म्हणाल्या, "ह्याचा वास गेलाय गे, टाकून दे."